ॲक्वापोनिक्स: मासे आणि भाजी एकाच पाण्यात, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी दर वेळी अर्धवट उत्तरं देतो, म्हणून या वेळी नीट बसून सगळं एका जागी लिहिलंय. क्रम मनाला येईल तसा आहे पण पहिले चार-पाच प्रश्न सोडून पुढे जाऊ नका, बाकीचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

ॲक्वापोनिक्स म्हणजे नेमकं काय?

एका टाकीत मासे, शेजारी किंवा वरच्या बाजूला बिनमातीचा वाफा, आणि दोन्हीत एकच पाणी फिरत राहतं. माशांना खाद्य आपण घालतो, ते खाऊन मासे पाणी घाण करतात, ते पाणी पंपाने वाफ्यात चढतं, झाडं त्यातलं हवं ते घेतात आणि पाणी परत टाकीत उतरतं. नुसते मासे पाळले तर सारखं पाणी बदलत बसायचं, नुसतं हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खत घातलेल्या पाण्यावर शेती) केलं तर बाटलीतली खतं मोजून घालायची, इथे माशांची घाण हेच झाडांचं खत. पाणी बदलायची वेळ क्वचित येते, उडून गेलेलं आणि झाडांनी प्यायलेलं तेवढंच भरायचं, ते रोज एकूण पाण्याच्या साधारण १ ते ३ टक्के.

मग माशांची घाण झाडं थेट घेतात?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशांनाच विषारी असतो. पाण्यात, खडीवर, पाइपच्या आतल्या बाजूला जिवाणू वस्ती करतात, त्यातले नायट्रोसोमोनास जातीचे अमोनियाचं नायट्राईट करतात, नायट्राईटसुद्धा माशांना विषारीच, मग नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही आणि झाडांना तेच सगळ्यात जास्त हवं असतं.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की तुम्ही मासे पाळत नाही आणि भाजीही लावत नाही, तुम्ही जिवाणू पाळताय. ते जगले की बाकी दोघं आपोआप जगतात. त्यांना काय लागतं ते लक्षात ठेवा: चिकटून बसायला भरपूर जागा, भरपूर ऑक्सिजन, अंधार (थेट ऊन त्यांना मारतं), उबदार पाणी आणि फार न घसरणारा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मध्य, त्याखाली आम्ल).

टाकी भरली, पाणी स्वच्छ दिसतंय, आता मासे सोडू का?

थांबा. मीही हेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसत होता, म्हणून ३० बोटुकल्या (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडल्या. आठवड्याभरात एका सकाळी सगळ्या वर येऊन तोंड उघडमिट करत होत्या, कल्ले लालभडक, दोन दिवसांत ११ गेल्या. टेस्ट किट त्यानंतर आणलं, ते आधी आणायला हवं होतं. अमोनियाला रंग नाही, नायट्राईटला रंग नाही, नुसतं बघून पाण्याचं काहीही कळत नाही.

जिवाणूंची वस्ती बसायला पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. कारण साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात आणि यांना दुप्पट व्हायला निम्मा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो. घाई करून उपयोग नाही, ते त्यांच्याच गतीने वाढणार.

हे ४ ते ६ आठवडे करायचं काय?

मासे न सोडता अमोनिया द्यायचा. साबण, वास, रंग काहीही न मिसळलेला शुद्ध अमोनिया मिळाला तर थोडा थोडा घालून टेस्टमध्ये लिटरमागे २ ते ३ मिलिग्रॅम दिसेल इतपत ठेवा, नाही मिळाला तर चिमूटभर मासळीचं खाद्य टाकून ते कुजू द्या, वेळ जास्त लागतो पण काम होतं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागला की नायट्राईट चढतं, आणि शेवटी नायट्राईट उतरून नायट्रेट दिसायला लागतं. माझ्या किटमध्ये नायट्राईटची नळी आधी फिकट निळी, मग एकदम जांभळी झाली आणि तब्बल अकरा दिवस जांभळीच राहिली, रोज सकाळी उजेडात धरून बघायचो, बाराव्या दिवशी परत निळसर झाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आणि नायट्रेट हजर, असं सलग दोन-तीनदा झालं की मासे सोडा.

लवकर व्हावं असं वाटत असेल तर कोणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरमधली मूठभर खडी किंवा स्पंज आणून टाका, दह्याला विरजण लावतात तसंच आहे. मात्र त्या टाकीत आजारी मासे नकोत.

किती मासे ठेवायचे? मला भरपूर हवेत.

सगळ्यांनाच हवे असतात. नवीन माणसाने १००० लिटर पाण्याला १० किलो मासे यापुढे जाऊ नये, अनुभव आला की २० किलोपर्यंत. हे वजन मासे मोठे झाल्यावरचं आहे, बोटुकल्या सोडतानाचं नाही, आणि हाच हिशोब लोक चुकवतात. ५०० लिटरची टाकी असेल तर ५ किलो, म्हणजे अर्धा अर्धा किलोचे १० मासे. टाकी रिकामी वाटेल, वाटू दे. मासे कमी असले की चूक झाल्यावर सुधारायला दिवसभर मिळतो, जास्त असले की तासभरही मिळत नाही.

आणि झाडं किती?

हे माशांच्या संख्येवरून नाही तर रोज किती खाद्य पडतं त्यावरून ठरतं, कारण बाहेरून येणारं खत म्हणजे मुख्यतः खाद्यच. पालेभाजीच्या १ चौरस मीटर वाफ्याला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य आणि टोमॅटो, मिरची, काकडी अशा फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम हा ढोबळ हिशोब. वाढलेले मासे रोज वजनाच्या १ ते २ टक्के खातात. वरचे ५ किलो मासे धरले तर २ टक्क्यांनी १०० ग्रॅम, म्हणजे २ चौरस मीटर पालेभाजी आरामात. सुरुवातीला मासे लहान असतात तेव्हा अर्धाच वाफा लावा, नाहीतर झाडं उपाशी राहतात आणि मग लोक विचारतात की पानं पिवळी का.

खाद्य कसं आणि किती वेळा?

दिवसातून दोनदा-तीनदा, थोडं थोडं, तरंगणारं खाद्य घ्या म्हणजे खाल्लं की नाही ते दिसतं. अर्ध्या तासात उरलं ते जाळीने काढून टाका आणि पुढच्या वेळी कमी टाका. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, अमोनिया वाढवतं, ऑक्सिजन खातं. मासे खायला धावले नाहीत तर ते नखरे करत नाहीत, पाण्यात काहीतरी बिघडलंय, आधी टेस्ट करा. खरं सांगायचं तर पाण्याची तब्येत मला किटच्या आधी माशांच्या भुकेवरून कळते.

कुठले मासे चांगले?

नवशिक्याला तिलापिया सोपा, चिवट आहे, कमी ऑक्सिजन सोसतो, पटकन वाढतो, पण त्याला २७ ते ३० अंशांचं पाणी आवडतं आणि थंडीत मरगळतो. काही देशांत तो पाळायला बंदी किंवा परवानगीची अट आहे कारण बाहेरच्या पाण्यात गेला तर मूळ माशांना हुसकावतो, तेव्हा आधी नियम बघून घ्या. कार्प जातीचे मासे तापमानाचा मोठा फरक झेलतात. ट्राउटला थंड आणि ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं, तो अनुभव आल्यावर. मासे खायचेच नसतील तर गोल्डफिश किंवा कोई ठेवा, झाडांना काही फरक पडत नाही.

झाडं कुठली लावू?

लेट्यूस, पालक, पुदिना, बेझिल यांनी सुरुवात करा. फळभाज्यांना पोटॅशियम जास्त लागतं, वस्ती जुनी झाल्यावर, म्हणजे तीन-चार महिन्यांनी त्यांच्याकडे वळा.

खडीचा वाफा, तराफा की पाइप?

तीन पद्धती आहेत. पाइपमध्ये पाण्याचा पातळ थर वाहतो, दिसायला छान पण मुळांनी पाइप तुंबतो आणि पंप थांबला की मुळं लगेच सुकतात. तराफ्यात झाडं थर्माकोलच्या किंवा तशा हलक्या पाटावर तरंगतात आणि मुळं खोल पाण्यात, ही पद्धत संशोधक जेम्स रॅकोसी यांनी कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात वर्षानुवर्षं चालवून दाखवली, मोठ्या प्रमाणावर लेट्यूससाठी फार चांगली, पण तिला गाळ काढणारा वेगळा फिल्टर लागतोच.

घरच्यासाठी मी डोळे झाकून खडीचा वाफा सांगेन. खडीच फिल्टर, खडीच जिवाणूंचं घर, खडीच झाडाला आधार. खोली ३० सेंटिमीटर, दाण्याचा आकार ८ ते २० मिलिमीटर, आणि वरचे ५ सेंटिमीटर कायम कोरडे ठेवायचे म्हणजे शेवाळ आणि खोडकूज होत नाही. खडी आणली की एका वाटीत थोडी घेऊन व्हिनेगर टाका, फेस आला तर ती चुनखडी आहे, ती पीएच वर ओढत राहील, परत करा. धुताना कंटाळा करू नका, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, सात-आठ वेळा तरी लागतं. काही महिन्यांनी मूठभर गांडुळं सोडा, आयसेनिया फेटिडा जातीची, ती वाफ्यातला गाळ खाऊन मोकळा ठेवतात.

बेल सायफन चालतच नाही.

सायफन म्हणजे वाफा भरला की आपोआप रिकामा करणारी युक्ती, आत उभा पाइप आणि त्यावर पालथं घातलेलं बंद टोकाचं मोठं नळकांडं. पाणी पाइपच्या तोंडाशी आलं की खाली ओढलं जातं आणि वाफा झपाट्याने उतरतो, शेवटी गुडगुड आवाज करत हवा आत शिरते आणि परत भरायला सुरुवात. त्या आवाजाची इतकी सवय होते की एक दिवस आला नाही तरी मी उठून बघतो.

बिघाड दोन प्रकारचे. सायफन लागतच नसेल, नुसती धार गळत राहत असेल, तर पाणी कमी पडतंय, पंपाचा व्हॉल्व्ह थोडा उघडा. लागला पण सुटत नसेल, म्हणजे वाफा रिकामाच राहत असेल, तर पाणी जास्त येतंय, व्हॉल्व्ह थोडा बंद करा. आधी चालत होता आणि आता बंद पडला तर नव्वद टक्के वेळा मुळं आत घुसलेली असतात. तरीही जमत नसेल तर सायफन काढून टाका आणि पंपाला टायमर लावा, १५ मिनिटं चालू आणि ४५ मिनिटं बंद.

पीएच किती हवा?

माशांना साधारण ६.५ ते ८.५ चालतो, जिवाणूंना ७ च्या वरचा आवडतो, झाडांना ५.५ ते ६.५. तिघांनाही सोसेल असा मध्य म्हणजे ६.८ ते ७.

माझा पीएच सारखा खाली का जातो?

जातोच, तो जिवाणू काम करत असल्याचा पुरावा आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातली क्षारता (आम्ल शोषून घ्यायची ताकद) खर्च होते. ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं, अमोनिया साचायला लागतो. म्हणून ६.५ च्या आसपास आला की वर घ्यायचा, एकदा पोटॅशियम बायकार्बोनेटने, एकदा चुन्याच्या निवळीने, आलटून पालटून, त्यामुळे झाडांना पोटॅशियम आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. निवळी फार तीव्र असते, हातमोजे घाला, बादलीभर पाण्यात पातळ करून वाफ्याच्या बाजूने हळूहळू ओता, दिवसाला ०.२ पेक्षा जास्त बदल नको.

आणि हे फार महत्त्वाचं: टेस्टमध्ये अमोनिया दिसत असताना पीएच चढवू नका. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक जहाल, आणि पीएच व तापमान वाढलं की जहाल रूप वाढतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा-पाऊण टक्का जहाल, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किट तेच आकडे दाखवतं आणि विष जवळपास दहापट झालेलं असतं. आधी खाद्य बंद करा, थोडं पाणी बदला, अमोनिया उतरू द्या, मग पीएच.

पीएच जास्त असेल तर लिंबू पिळू का?

नको, सायट्रिक ॲसिड जिवाणूंना मारतं. बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही, जिवाणू स्वतःच काही आठवड्यांत खाली आणतात.

पानं पिवळी पडतायत.

कुठली पानं ते सांगा. वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, हे जवळपास प्रत्येकाकडे होतं कारण माशांच्या खाद्यात झाडाला पुरेल इतकं लोह नसतं. चिलेटेड आयर्न (पाण्यात विरघळून राहील असं बांधलेलं लोह) घाला, डीटीपीए प्रकारचं, लिटरमागे २ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. ईडीटीए प्रकारचं स्वस्त असतं पण पीएच ६.५ च्या पुढे फारसं टिकत नाही. गंजलेले खिळे टाकू नका, ७ पीएचला ते लोह झाडाला मिळतच नाही. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी असतील तर नायट्रोजन कमी, झाडं जास्त किंवा खाद्य कमी. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या असतील तर पोटॅशियम.

एकदा झाड हळूच उचलून मुळंही बघा. पांढरी, ताठ असली तर काळजी नाही. तपकिरी, बुळबुळीत आणि बोटांत धरली की वरची साल निसटून हातात येणारी मुळं म्हणजे ऑक्सिजन कमी किंवा गाळ बसलाय.

मासे सकाळी सकाळी वर येऊन तोंड मारतात, दुपारी ठीक असतात.

ऑक्सिजन. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवायचा, आणि गरम पाण्यात तो मावतच कमी: २० अंशांना जेमतेम ९, ३० अंशांना साडेसात. एअर पंप आणि एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) २४ तास चालू ठेवा, टाकीवर सावली करा, टाकी पारदर्शक असेल तर बाहेरून झाका, उजेड नाही तर शेवाळ नाही. ऑक्सिजन ठीक असूनही मासे धापा टाकत असतील तर नायट्राईट तपासा, ते रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन वाहूच शकत नाही आणि कल्ले तपकिरी दिसतात. अशा वेळी आयोडीन नसलेलं साधं मीठ कामाला येतं, लिटरमागे १ ग्रॅम, त्याहून जास्त नको, स्ट्रॉबेरी आणि घेवड्यासारखी झाडं मिठाला नाजूक असतात.

वीज गेली तर?

खडीचा वाफा काही तास निभावतो, मासे नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप पहिल्या दिवसापासून हवा, दुसऱ्या पंपाआधी तो घ्या. वीज गेली की खाद्य बंद, कारण खाल्लेले मासे ऑक्सिजन जास्त ओढतात. काहीच नसेल तर मग्याने पाणी उचलून उंचावरून टाकीतच ओतत राहा, मी एका रात्री आलटून पालटून दोघांनी चार तास हे केलंय आणि एकही मासा गेला नाही.

पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतोय.

कुठेतरी गाळ साचून बिनहवेचा कोपरा झालाय. वाफ्याचे कोपरे, सायफनचा तळ, टाकीचा तळ बघा, गाळ हळूहळू काढा आणि तो बाहेरच्या कुंड्यांना घाला. सगळी खडी एकदम काढून धुवायची नाही, जिवाणू वाहून जातील आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

नळाचं पाणी चालतं?

क्लोरीन असेल तर बादल्यांत उघडं ठेवून, हवा मारून २४ ते ४८ तासांनी वापरा. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते असं उडत नाही, ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढावं लागतं. रोजच्या १-३ टक्के भरणीने काही बिघडत नाही, पण निम्मी टाकी एकदम भरताना नक्की लक्ष द्या.

मावा पडलाय, काय फवारू?

जे फवाराल ते माशांच्या तोंडात जाणार, हे धरून चला. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी कमी मात्रेतही मारतात, तांब्याची बुरशीनाशकं तशीच, आणि साबणाचं पाणी कल्ले खराब करतं, निंबोळी तेलही पाण्यात जायला नको. माव्याला पाण्याचा जोराचा फवारा, जास्त झाला तर ते पान तोडून टाका, लेडीबर्ड भुंगे दिसले तर त्यांना हात लावू नका. अळीसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस (अळ्या मारणारा जिवाणू) चालतो, तो माशांना बाधत नाही. त्याच कारणाने आजारी माशांना औषध द्यायचं तर वेगळ्या बादलीत काढून द्या, मुख्य टाकीत अँटिबायोटिक कधीच नाही. पाइप जोडतानाही तांबं आणि जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड टाळा.

या पाण्यातली भाजी कच्ची खाल्ली तर चालेल?

मासे थंड रक्ताचे असतात, गुरांच्या शेणासारखा ई-कोलायचा (पोट बिघडवू शकणारा आतड्यातला जिवाणू) उगम त्यांच्यात नसतो. पण पक्ष्यांची विष्ठा, उंदीर, न धुतलेले हात यातून तो येऊ शकतो. टाकीवर जाळी, काम करण्याआधी हात धुणं, पानांवर टाकीचं पाणी न उडवणं आणि खाण्याआधी पिण्याच्या पाण्याने धुणं एवढं पाळा.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

१५-२० मिनिटं. खाद्य, मासे मोजणं, पाणी उतरलंय का बघणं, पंपाचा आवाज ऐकणं. पहिले दोन महिने अमोनिया, नायट्राईट आणि पीएच एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून एकदा, आणि आकडे वहीत तारखेसकट लिहा.

आठवडाभर बाहेरगावी जायचं असेल तर?

मोठे, निरोगी मासे आठवडाभर खाद्याशिवाय सहज राहतात, पाणी उलट स्वच्छच होतं. शेजाऱ्याला खाद्याचा डबा देऊन जाऊ नका, प्रेमापोटी लोक भरमसाट टाकतात. त्यापेक्षा पाणी काठोकाठ भरून जा, एअर पंप बॅटरीला जोडा आणि कोणाला तरी रोज एकदा फक्त एवढंच बघायला सांगा की पाणी वाफ्यात चढतंय का आणि बुडबुडे येतायत का.